गजलक्ष्मीच्या अंगणातले नऊ खड्डे

माणसानं स्वतःची फजिती स्वतःच्या तोंडानं का सांगावी? तर आमचे व्याही ती सांगतात तेव्हा त्यात फार चुका असतात, म्हणून. निदान माझी फजिती तरी शुद्ध स्वरूपात लोकांपर्यंत जावी. घ्या, चहा घ्या. सांगतो.

व्याही म्हणजे कोल्हापूरचे अण्णासाहेब, आमच्या धाकटीचे सासरे. माणूस उमदा. पण गेल्या वर्षी आम्ही त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी मला गावातून असं फिरवलं की दर दहा पावलांवर कुणीतरी त्यांना रामराम घालत होतं. मिसळवाला उठून उभा राहिला. रिक्षावाला चालती रिक्षा थांबवून उतरला!

आता पुण्यात मला उठून नमस्कार कोण करणार? इथं उभं राहायचं काम माझ्याकडेच असतं, तेही रांगेत. पण मीही ठरवलं, अण्णासाहेब पुण्याला येऊ देत. माझ्याकडे फलक आहे!

फलक म्हणजे आमच्या पेठेतल्या गजलक्ष्मीच्या देवळातला. काळ्या दगडाचं देऊळ, खांबाखांबावर कोरीव काम आणि शुक्रवारी पाऊल ठेवायला जागा नाही. तीसेक वर्षांपूर्वी तिथं माहितीफलक लावायचं ठरलं. मी कचेरीत कारकून, अक्षर वळणदार, वाचन दांडगं. मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं, म्हणजे मी ते येऊ दिलं.

या फलकाबद्दल मी अण्णासाहेबांना मुलीच्या साखरपुड्यात सांगितलं होतं. लग्नात सांगितलं. बारशात सांगितलं. आणि अखेर या फाल्गुनात ते आमच्याकडे आले.

हल्ली देऊळ दाखवायलाही सहली निघतात. मी तीन पत्रकं मिळवली आणि तुलनात्मक तक्ता केला. कारकुनाला तक्त्याशिवाय भाजीसुद्धा निवडता येत नाही. पहिल्या सहलीत कानात यंत्र घालतात. बाद. यंत्राला शंका विचारता येत नाहीत. दुसरीत पाऊण तासात देऊळ आणि शेवटी भेळ. बाद. तिसऱ्या पत्रकात मात्र एक ओळ होती: ‘प्रसिद्ध माहितीफलकाजवळ दहा मिनिटे’.

प्रसिद्ध! मी ती ओळ हिला वाचून दाखवली.

“अहो, देऊळ पाच मिनिटांवर,” ही म्हणाली. “तुम्हीच दाखवा की. गाईड कशाला?”

“आपल्या तोंडून आपली स्तुती बरी दिसत नाही.”

“आजवर कधी अडचण आली नव्हती ती!”

शुक्रवारी आम्ही तिघं देवळाच्या दाराशी हजर. गाईड म्हणजे मुक्ता नावाची मुलगी, पाठीला सॅक, हातात छोटा माईक. “काका, प्लीज दर्शनाची लाइन क्रॉस करू नका हं,” म्हणत तिनं आम्हा पंधरा-वीस जणांना त्या गर्दीतून अलगद आत नेलं. खांब, छत, द्वारपाल, सगळं तिनं मुद्देसूद सांगितलं. मी अधूनमधून अण्णासाहेबांच्या कानाशी लागून, “बरोबर बोलतेय,” अशी मंजुरी देत होतो.

मग आलं अंगण. अंगणाच्या फरशीत नऊ गोल खड्डे आहेत. बायका रांगेनं एकेका खड्ड्यात हळद-कुंकू वाहत होत्या, वाकून नमस्कार करत होत्या. आणि भिंतीवर माझा फलक: ‘या नऊ कुंडांत प्राचीन शिल्पकार नवग्रहांचे नऊ रंग खलत असत.’

हे मला कुठून कळलं, विचारता? विचार करून कळलं! खड्डे नऊ. ग्रह नऊ. देऊळ म्हटलं की रंग आलाच. मी तसा मसुदा केला, विश्वस्तांकडे पाठवला आणि खाली नेहमीचं वाक्य टाकलं: ‘हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावी, अन्यथा मजकूर मान्य समजला जाईल.’ कुणाचीही हरकत आली नाही. आमच्या कचेरीत यालाच सत्य म्हणत.

“आता आपल्या टूरचा सगळ्यात पॉप्युलर स्टॉप,” मुक्ता म्हणाली. “हा फलक नेमका कुणी लिहिला, ते आम्ही बरेच दिवस शोधतोय...”

मी हात वर केला.

“अहो, हात खाली घ्या,” ही पुटपुटली. बायकांना कसा वास लागतो, देव जाणे.

“मी लिहिलाय!” मी खणखणीत आवाजात म्हणालो.

टाळ्या पडल्या! दोघांनी माझ्याबरोबर फोटो काढले. अण्णासाहेब छाती काढून सगळ्यांना सांगू लागले, “आमचे व्याही हे! आमचे सख्खे व्याही!” त्या क्षणी कोल्हापूर आणि पुणे यांची बरोबरी झाली होती. तिथंच घरी गेलो असतो तर?

मुक्ताचा चेहरा मात्र उतरला. “अं... आपण आता गाभाऱ्याकडे जाऊ या?”

“छे! पत्रकात दहा मिनिटं दिलीत. अजून दोनसुद्धा झाली नाहीत.”

“राहू दे ना काका.”

“संकोच वाटतोय का माझ्यादेखत? मी तिकडे तोंड करतो. बोला, मोकळेपणानं बोला.”

आणि मी खरोखरच पाठ फिरवून, हात मागे बांधून, स्तुती ऐकायला उभा राहिलो.

“हा फलक आम्ही दाखवतो,” मागून अगदी बारीक आवाज आला, “तो दंतकथा कशी तयार होते, त्याचं उदाहरण म्हणून. देवळाचा एक जुना फोटो मिळालाय. त्यात हे अंगण सपाट आहे. एकही खड्डा नाही.”

मी गर्रकन वळलो. “फोटो धूसर असेल! खड्डे नंतरचे कशावरून? पुरावा काय?”

“पुरावा कशाला पायजे?” शेजारी फुलांच्या टोपल्या मांडून बसलेल्या हौसाबाई म्हणाल्या. “आमच्या मालकांनीच पाडल्यात की ते. नवरात्राच्या मांडवाचे बांबू रोवायला. छिन्नी घरात हाय अजून.”

बुडणारा माणूस काडीला धरतो, तसा मी आकड्याला धरला. “पण मग नेमके नऊच कसे?”

“धा पाडायचे व्हते,” हौसाबाई म्हणाल्या. “धाव्याला छिन्नी मोडली.”

ते हसू अंगणात केवढं घुमलं म्हणता! रांगेतल्या बायकासुद्धा हसल्या. पण रांग सोडून एकही गेली नाही. हिनं पदर तोंडाला लावला. मी अण्णासाहेबांकडे बघायचं टाळत फलकाकडे बघत राहिलो. अक्षर खरंच सुरेख होतं.

अण्णासाहेबांनी डोळे पुसले आणि माझ्या खांद्यावर हात टाकला. “व्याही, खरं सांगू का? गावात मला लोक रामराम घालत्यात. पण मी सांगितलं म्हणून खड्ड्याला कुणी नमस्कार घालंल का ओ? ते पण रांगेनं? तुम्ही लई पुढं गेलात राव!”

हे ऐकून, खोटं कशाला बोलू, मान पुन्हा ताठ झाली.

पण कारकुनालाही सदसद्विवेकबुद्धी असते. दुसऱ्याच दिवशी मी विश्वस्तांना अर्ज लिहिला: मजकूर चुकीचा आहे, फलक काढावा. तो द्यायला गेलो, तर हौसाबाईंनी वाटेत अडवलं. “सायेब, बोर्ड काढू नका हां! माझी निम्मी फुलं खड्ड्यांवर खपतात.” तरी मी अर्ज दिलाच. तत्त्व म्हणजे तत्त्व.

आठवड्यानं उत्तर आलं: ‘आपला अर्ज पोहोचला. हरकतीची मुदत सात दिवसांची होती. ती उलटून बराच काळ लोटल्याने अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे.’

मी ते उत्तर तीनदा वाचलं. त्यात एकही चूक काढता येईना. कशी येणार? असल्या उत्तराचा नमुना विश्वस्तांना फलकाच्या वेळी मीच करून दिला होता.