खांबावरचे तीन दणके

कॉब क्रीक गावात दुकानातून झाडू विकत घेणारा माणूस एकतर परगावचा असतो, नाहीतर तो डेल्मर योकम असतो. बाकी सगळ्यांच्या दाराआड ऑर्फामावशीच्या वर्गात स्वतः बांधलेला झाडू उभा असतो. डेल्मर घरोघरच्या गॅसच्या टाक्या भरत फिरतो. वय अठ्ठावन्न, हात फावड्याएवढे. अकरा वर्षं तो दर ऑक्टोबरात न चुकता वर्गाला बसला, आणि न चुकता नापास झाला.

मावशीची परीक्षा एकच. जुन्या शाळेच्या ओसरीचा खांब. झाडू बांधून झाला की ती तो खांबावर तीनदा दाणकन आपटते. काड्या जागच्या जागी राहिल्या तर पास. डेल्मरच्या झाडूचं डोकं दुसऱ्या दणक्यालाच अंगणात जायचं. एका वर्षी ते साबण शिजवणाऱ्या बायकांच्या कढईत पडलं. त्या वर्षीचा साबण अजून कुणाकडे सापडला तर लोक त्याला 'डेल्मर साबण' म्हणतात.

ऑक्टोबरातला एक आठवडा गावाच्या जुन्या शाळेत साजरा होतो, या डोंगरात आधी येऊन राहिलेल्या माणसांच्या कामांचा. साबण, मेणबत्त्या, लोणी, झाडू. कुणीही यावं, बाह्या सरसावाव्यात, करून शिकावं. ऑर्फामावशीकडे झाडू. आडनाव स्टिलवेल, पण ते फक्त पोस्टमनला लागतं. तिने सव्वीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि घरामागे झाडूच्या काड्यांसाठीच्या ज्वारीच्या आठ ओळी अजून स्वतः लावते. दाणा टणक व्हायच्या आत कापायची, सावलीत सुकवायची, माळ्यावर ठेवायची, सगळं एकटीने.

शिवाय ती डावरी. लहानपणी शाळेत बाईंनी तिचा डावा हात फितीने बाकाला बांधून तिला उजव्याने लिहायला लावलं. झाडू मात्र आजोबांनी शिकवला आणि आजोबांकडे फीत नव्हती. त्यामुळे पेन्सिल उजव्या हातात आणि सुरी, डाव, झाडू सगळं डाव्यात. "लिहायचा हात शाळेचा, कामाचा हात आजोबांचा," असं ती सांगायची.

यंदा सप्टेंबरात माळ्यावरून ज्वारीच्या जुड्या काढताना शिडी सरकली आणि तिचा तोच 'आजोबांचा हात' मनगटात मोडला. कोपरापर्यंत प्लास्टर. तो आठवडा भरवणाऱ्या समितीची लुरीन हॅस्केट सफरचंद भरून भाजलेला ॲपल-पाय घेऊन भेटायला आली. लुरीन ॲपल-पाय घेऊन आली की काहीतरी काढून घ्यायला आलेली असते, हे गावात सगळ्यांना ठाऊक.

"यंदापुरता राहू दे गं वर्ग."

"कंदिलाचा वर्गही असाच एका वर्षापुरता राहू दिला होतास. कुठाय तो?"

लुरीनने ॲपल-पायचं ताट पुढे सरकवलं.

"आणि खोगिराचा? एकदा राहिलं की राहिलंच, लुरीन. एकतीस वर्षांचे एकतीस ऑक्टोबर झाले, एक चुकला नाही. हात मोडलाय माझा, तोंड नाही."

"तोंडाची काळजी कुणालाच नाही," लुरीन म्हणाली. मग हळूच मुद्द्यावर आली. स्प्रिंगफील्डचा एकजण मावशीच्या वर्गाची खोली मागत होता. मोटरवर झाडू करतो. पाच मिनिटांत एक. लोक बघतात.

"बघतात! आणि शिकतात काय, बटण दाबायला?"

"नऊ जणांनी नाव दिलंय तुझ्याकडे. शनिवारी संध्याकाळी नऊ झाडू खांबावर टिकले तर खोली तुझी. नाहीतर पुढच्या वर्षापासून त्याची."

शनिवारी नऊजण स्टुलांवर बसले. काम दिसायला सोपं. दोरा एका दांडुक्याला गुंडाळून तो पायाखाली दाबायचा, दोऱ्याचं दुसरं टोक झाडूच्या दांड्याला. दांडा मांडीवर आडवा, बांधायचं टोक डावीकडे. एका हाताने दांडा फिरवायचा, दुसऱ्याने कोमट पाण्यात भिजवलेल्या काड्या ताणलेल्या दोऱ्याखाली सारायच्या. मावशी एकतीस वर्षं हे करून दाखवत आली होती. सांगितलं मात्र कधीच नव्हतं.

"आता घट्ट."

"किती घट्ट?" कुणीतरी विचारलं.

"घट्ट म्हणजे घट्ट. अस्सं—" आणि प्लास्टर हवेत उठायचं.

दुपारपर्यंत आठ झाडूंची डोकी दुखऱ्या दातासारखी हलत होती. एकच घट्ट झाला होता, सेंट लुईसहून आलेल्या टेसा नावाच्या नर्सचा. मावशीने तो खांबावर आपटला आणि म्हणाली, "हिला कामाचा हात आहे." एकतीस वर्षांत हे वाक्य तिने सातच जणांसाठी काढलं होतं.

"मावशी, मला दोन आहेत," डेल्मर म्हणाला.

"तुझ्या हातांच्या गुरं बांधायच्या खुंट्या तेवढ्या होतील."

सगळे हसले. तोही हसला. तो नेहमीच हसायचा.

बीन्स आणि मक्याच्या पावाचं जेवण झालं. लुरीन दारातून डोकावली आणि ती हलणारी डोकी बघून वहीत काहीतरी टिपून गेली. ते टिपणं मावशीला लागलं. तिने डेल्मरशेजारचं स्टूल ओढलं, पायाखाली दोरा घेतला आणि स्वतःच बसली. टोक डावीकडे, जन्मभराच्या सवयीने. पण काड्या सारायला डावा हात कुठाय? प्लास्टर आपटलं, पाद्र्याला ऐकवण्यासारखा नाही असा एक शब्द निघाला, आणि तिने वैतागून दांडा उलटा फिरवला. टोक उजवीकडे. प्लास्टरबाहेरची बोटं दांडा फिरवायला पुरत होती. काड्या सारायला आला लिहायचा हात.

त्या हाताला काहीच येत नव्हतं. त्याला एकेक गोष्ट सांगावी लागत होती आणि मावशी ती मोठ्याने सांगत होती. "काडीची जाड टाच आधी. अंगठा तिच्यावर. आता पाय दाब, मग फिरव. पाय आधी, गं बये, फिरवणं नंतर!" सगळे मान खाली घालून तसंच करू लागले. खोलीत फक्त दोरा करकरत होता.

मध्येच मावशीने मान वर केली. टेसा काड्या छाटत होती. कात्री डाव्या हातात.

"तू डावरी?"

"हो. का?"

आजवर ज्यांना 'हात आहे' म्हटलं होतं, ते सगळे मावशी ओठांतल्या ओठांत मोजू लागली. जनावरांचा डॉक्टर, डावरा. पाद्र्याची बायको, डावरी. मग मोजायचं थांबली.

"डेल्मर, तुझा जेवायचा हात कुठला?"

"ताटात काय आहे त्यावर आहे. बहुतेक उजवा."

"तुझी सगळी ताकद उजव्यात, आणि मी तुला डाव्याने काड्या सारायला लावतेय. अकरा वर्षं." ती खोलीकडे वळली. "डावरे सोडून सगळ्यांनी दांडे उलटे धरा. टोक उजवीकडे."

डेल्मरने दांडा उलटा धरला. दोऱ्याचे दोन फेरे झाले. तिसऱ्याला त्याच्या हाताखालची काडी हलेना.

"मला वाटायचं, माझेच हात तसले," तो खाली बघत म्हणाला.

"मीच म्हणायचे तसं. गावासमोर." मग ती असं काही बोलली की खोलीतल्या कुणीही ते तिच्या तोंडून याआधी ऐकलं नव्हतं. "चुकलं माझं, बाबा."

डेल्मरचे कान लाल झाले. "बोलू नकोस एवढं. दोरा सैल होतोय."

संध्याकाळी ओसरीवर गर्दी. लुरीन वही घेऊन उभी. आठ झाडू टिकले. नववा डेल्मरचा. तो पुढे आला तशा साबणवाल्या बायकांनी लगबगीने कढईवर झाकण ठेवलं.

एक. दोन. सगळ्यांच्या नजरा सवयीने अंगणाकडे. तीन. मावशीने चौथाही घातला, कारण विश्वास बसायला एक जास्तीचा लागतो. काडी हलली नाही.

डेल्मरने झाडू परत घेतला आणि उगाच ओसरी झाडू लागला. झाडून झाली तरी झाडतच राहिला.

"आता तुझा," तो मग म्हणाला.

मावशीचा उजव्या हाताचा झाडू खरंच बघवत नव्हता. डेल्मरने तो अदबीने आपटला, तरी दुसऱ्या दणक्याला डोकं सुटलं आणि लुरीनच्या पायाशी जाऊन पडलं.

"नापास!" लुरीन म्हणाली. मग वही मिटत, जरा खालच्या आवाजात, "स्प्रिंगफील्डवाल्याला काय सांगू?"

मावशी आत गेली आणि तिने खडू घेतला. फळ्यावर पुढच्या ऑक्टोबरची तारीख टाकली, खाली दोन रकाने केले, डावरे आणि उजवे. उजव्यांच्या रकान्यात पहिलं नाव लिहिलं, ऑर्फा स्टिलवेल. अक्षर सुरेख होतं, शाळेच्या हाताचं.

डेल्मर झाडू गाडीत पुढच्या सीटवर बसवून घरी गेला. झाडूला सीटचा पट्टाही लावला होता, असं बघणारे सांगतात.