नववं अक्षर

एकाहत्तरच्या ऑक्टोबरात आमची पलटण राजस्थान सीमेवर होती. मी माढ्याचा, सिग्नल प्लाटूनमध्ये लान्सनाईक. माझ्या हाताखाली लाइनमन सिपाही बिरा, सोलापूरकडचा धनगर. मेंढ्यांमागं त्याची शाळा राहिली आणि फौजेच्या वर्गातही त्यानं जेमतेम सही कमावली. दर रविवारी त्याचं पत्र मी लिहायचो. एकदा म्हणाला, "अण्णा, सखू पाच वरसाची झाली. तिला एक अक्षर धाडू की. पर ते मी काढनार."

त्या दिवशी मी त्याला 'क' शिकवला. त्यानं तो इनलँडच्या कोपऱ्यात काढला, वाकडा पण ठसठशीत. मग दर रविवारी एक. ङ आणि ञ मी गाळले. लढाईच्या तोंडावर त्यांचं करायचं काय? बाप इकडं शिकायचा, आठवड्यानं लेक तिकडं.

डिसेंबरात नवव्या रविवारी 'ट' झाला. लढाई पेटली होती, पण आमच्या खंदकापर्यंत आली नव्हती. चारला टपालाची गाडी सुटली तेव्हा मी पत्ते पिसत होतो. पत्र खिशातच राहिलं.

सोमवारी पहाटे पाच-चाळीसला तोफमाऱ्यात पुढच्या चौकीची टेलिफोन लाइन तुटली. हवालदार म्हणाला, "बिरा, लाइन." तो पक्कड घेऊन गेला. सहा-दहाला फोन वाजला.

"अण्णा, आवाज येतोय?"

"येतोय. परत ये."

"आलोच. पत्र टाकलं न्हवं?"

"टाकलं."

लाइन दिवसभर चालू राहिली. बिरा परतला नाही.

मार्चात रजा मिळाली. घरी बूड टेकेना. तिसऱ्या दिवशी उठलो आणि सोलापूरजवळच्या कुंभारीत बिराचं घर गाठलं. ओळख सांगितली तशी त्याची बायको रखमा म्हणाली, "मास्तरांनी म्होरलं अक्षर काढलं की पोरगी पाटी पुसती. म्हणती, बाबा धाडंल. तार आली तवाच सांगितलं तिला, पर ऐकत न्हाय."

मी पत्र सखूच्या हातात दिलं. "हे माझ्याकडून टाकायचं राहिलं." लाज वाटली, आजही वाटते.

तिनं 'ट'वरून बोट फिरवलं. "बाबाला हेच्या म्होरलं येत हुतं?"

"नाही. इथवरच."

मी दारापर्यंत दोन खेपा घातल्या. मग तिनं पाटी माझ्यापुढं सरकवली.

"तुमी काढा. मी शिकून बाबाला सांगती."

मी 'ठ' काढला. उरलेली रजा रोज कुंभारीला गेलो. मुळाक्षरं पुरी करूनच पलटणीत परतलो.

सिपाही बिराला नऊ अक्षरं येत होती. त्यातलं नववं मी उशिरा पोचवलं.