दाजी, सोऱ्या आणि पिस्तुलाचं पेटंट

पिस्तुलांचा एवढा जाणकार आणि लवंगी फटाक्याला एवढा घाबरणारा माणूस आमच्या दाजींखेरीज अख्ख्या नेदरलँड्समध्ये दुसरा सापडायचा नाही. सापडलाच, तर तो शोधून काढणारे दाजीच असतील. वर्षाच्या शेवटच्या दिवशी ही डच मंडळी एरवीचा सगळा शहाणपणा गुंडाळून ठेवून फटाके उडवत सुटतात. त्या दिवशी दाजी दुपारी चारलाच कानात कापूस कोंबून बाथरूममध्ये जाऊन बसतात, आणि तिथे बसून वाचतात काय, तर पिस्तुलांची फाइल! घोडा, चाप, नळी, मूठ, सगळ्याची खडान्‌खडा माहिती. पण ते राहतात त्या गावच्या, नीउ-व्हेनेपच्या, जत्रेत माझ्या भाचीने, इराने, खोट्या बंदुकीने फुगे फोडायचा हट्ट धरला, तेव्हा हे गृहस्थ डोळे घट्ट मिटून उभे. पोरीने पाच फुगे फोडले, बक्षिसाचं अस्वल घेतलं, आम्ही चालायला लागलो, तरी मागून आवाज येतोय, "झालं का रे?"

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. भोसरीच्या एका कारखान्यात ते यंत्रांची ड्रॉइंग्ज काढायचे. ताईला अ‍ॅमस्टरडॅमच्या बँकेत नोकरी लागली आणि तिच्या व्हिसाच्या शेपटाला धरून दाजी आले. पहिली दोन वर्षं त्यांनी इराला शाळेत सोडलं, आणलं आणि पोळ्या केल्या. (पोळ्या ताईपेक्षा चांगल्या करतात. हे ताईला सांगू नका.) दारावरच्या पाटीवर ताईचं आडनाव. खेमेंटेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, कागदावर ते 'जोडीदार'. शाळेत 'इराचे बाबा', मंडळाच्या गणपतीत 'ताईंचे मिस्टर'. आणि बँकेत साहेबालासुद्धा नावाने हाक मारणारी आमची ताई घरी मात्र 'अहो'! मी एकदा म्हटलं, "अगं, कधीतरी नाव घे, नाहीतर ते स्वतःचं विसरतील." तर म्हणाली, "तू गप रे. आमटी वाढू का?"

मग दाजींना काम मिळालं, आणि आमचं सगळ्यांचं कल्याण झालं. हेगच्या एका वकीलबाईंसाठी जुने कागद शोधायचे. म्हणजे असं, की एखादी कंपनी म्हणते 'हा शोध आमचा'. तर तसलंच काहीतरी कुणी आधीच करून ठेवलंय का, हे दाजींनी हुडकायचं. सापडलं की त्या कंपनीचं पेटंट आडवं! हे काम दाजींच्या अंगात इतकं भिनलं की 'हे नवीन नाही' हे त्यांचं पालुपदच झालं. मी नवा फोन दाखवला, "हे नवीन नाही." ताईने नवी साडी नेसली, "हे नवीन नाही." त्या दिवशी त्यांना जेवायला उशिरा मिळालं. एका बारशाला सगळ्या बायका पाळण्याभोवती जमून "नाक अगदी आजोबांवर गेलंय हो" म्हणत होत्या, तर हे मागून म्हणाले, "म्हणजे नवीन नाही." बाळाच्या आईने अजून त्यांना चहाला बोलावलेलं नाही.

दुसरी खोड त्यांच्या बोलण्याची. पेटंटचा दावा म्हणे एकाच वाक्यात लिहायचा आणि शक्य तितका ऐसपैस, म्हणजे कुणी निसटायला नको. तर दाजींच्या बाजारच्या याद्याही तशाच. मी आइंडहोवनला नोकरीला असतो, शनिवारी त्यांच्याकडे येतो, येताना सामान आणतो. एकदा निरोप आला, 'एक हिरवा खाद्य पाला, ज्याला किमान एक देठ असून जो बारीक चिरता येतो.' मी बापडा बुरेनकोलचा भला मोठा गठ्ठा घेऊन गेलो. इथली ती जाड, कुरळ्या पानांची भाजी हो! त्यांना हवी होती कोथिंबीर. ताई माझ्यावर उखडली, पण दाजी शांतपणे म्हणाले, "त्याची चूक नाही. माझाच दावा फार रुंद झाला." त्या दिवशी आम्ही पोह्यांवर बुरेनकोल घालून खाल्लं. नको ती आठवण.

आणि मग आली पिस्तुलांची केस. हल्लीचं पिस्तूल म्हणे एकसंध नसतं. आत चाप-घोड्याचा एक छोटा धातूचा सांगाडा असतो, त्याच्यावर नंबर कोरलेला. बाहेरची मूठ आणि नळी हवी तशी बदलायची. लहान हाताला लहान मूठ, मोठ्याला मोठी. एक कंपनी म्हणत होती ही युक्ती आमची, दुसरीने चोरली. दुसरी म्हणत होती, चोरली कसली, ही तर जुनीच. दाजी दुसरीच्या बाजूने. त्यात वकीलबाईंनी सांगितलं, "या वेळी तुम्हालाच तज्ज्ञ म्हणून उभं करणार. कोर्टात तुमचं पूर्ण नाव वाचलं जाईल." झालं! दाजींनी मला फोन केला, केसची सगळी हकिगत सांगितली आणि शेवटी हळूच म्हणाले, "पूर्ण नाव हं. वडिलांच्या नावासकट." त्या दिवसापासून त्यांनी एक सूट दर रविवारी इस्त्री करायला घेतला.

सहा महिने घरात दुसरा विषय नाही. दिवाळीच्या तोंडावर ताईचा सोऱ्या गायब झाला. निघाला दाजींच्या टेबलावर. सगळ्या चकत्या ओळीने मांडलेल्या आणि हे त्यांची मापं घेतायत. "अरे बघ, दांडा एक, नळकांडं एक, चकती बदलली की शेव, बदलली की चकली. हेच तर भांडण आहे! फरक एवढाच, की पिस्तुलातून चकली पडत नाही." त्यांनी सोऱ्यावर अकरा पानांचा अहवाल लिहिला, आकृत्यांसकट. वकीलबाईंनी तो वाचला, खूप हसल्या आणि म्हणाल्या, सोऱ्याचा आणि पिस्तुलाचा धंदाच वेगळा, हा अहवाल कोर्टात चालायचा नाही. दाजींनी मग खरे जुने कागद शोधून काढले, कुठले ते त्यांनी मला आजवर सांगितलं नाही. त्या वर्षी आम्ही चकल्या हाताने वळल्या. त्या चकल्या आहेत हे पाहुण्यांना सांगावं लागत होतं.

सुनावणीला आठ दिवस राहिले आणि दाजींच्या मनात आलं, न्यायाधीशांना हातात धरून दाखवायला नमुना हवा. केळ्यांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यांनी पिस्तूल केलं, तीन बदलत्या मुठींसकट, काळा रंग फासला आणि वाळायला ठेवलं कुठे? तर रस्त्याकडच्या खिडकीत! या देशात कुणी पडदे लावत नाही, आणि पडदे नसलेल्या खिडकीत काय आहे हे समोरच्या आजींना पाठ असतं. अर्ध्या तासात वस्तीतला पोलीस सायकलवरून दारात हजर. मी आणि इरा सोफ्यावर, ताई स्वयंपाकघरात.

पोलिसाने सभ्यपणे विचारलं, "हे पिस्तूल आहे का?"

शहाण्या माणसाने काय म्हणावं? नाही म्हणावं. दाजी म्हणाले, "यातला कोणता भाग विचारताय?"

"अहो, नाही म्हणा!" ताई आतून ओरडली.

"असं कसं सरसकट नाही म्हणू? कायद्याने आतला नंबरवाला सांगाडा तेवढाच पिस्तूल. पुढच्या आठवड्यात कोर्टात मी हेच सांगणार, आणि इथे दुसरं सांगू?"

शेवटी इराने कपाळाला हात लावला आणि डचमध्ये पोलिसाला सगळं समजावलं. त्याने मूठ चिमटीत धरली, ती गळून पडली, त्याचा अंगठा काळा झाला. तरी बिचारा गंभीरपणे म्हणाला, खोटं असलं तरी खऱ्यासारखं दिसतं, खिडकीत ठेवता येणार नाही, जमा करावं लागेल. दाजींना वाईट वाटायचं सोडून ते हरखलेच, खऱ्यासारखं दिसतं म्हणाला ना! म्हणाले, "मग पावती द्या. माझ्या नावाची." पोलिसाने मान हलवली, दारावरची पाटी पाहिली आणि पावती ताईच्या नावाने फाडून निघून गेला. आम्ही हसून हसून लोळलो. म्हणजे गुन्हासुद्धा बायकोच्या नावावर! दाजीही हसले, पण ती पावती त्यांनी बराच वेळ हातात धरली होती.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मी मुद्दाम रजा काढून गेलो होतो. दाजी सूटला शेवटची इस्त्री फिरवत होते, तेवढ्यात वकीलबाईंचा फोन आला. दोन्ही कंपन्यांनी आपसात मिटवलं होतं. सुनावणी नाही, तज्ज्ञ नाही, अहवाल कपाटात. दाजी "बरं, बरं, आभार" म्हणाले, इस्त्री उभी करून ठेवली आणि पोळ्यांची कणीक भिजवायला गेले. मला इतका राग आला त्या कंपन्यांचा! मेल्यांनो, भांडायला निघालात ना? मग आणखी एक दिवस भांडायला काय झालं होतं?

रविवारी सकाळी ताई म्हणाली, "अहो, सूट घाला. सुनावणी इथे होईल." इराने आईचा काळा रेनकोट चढवला आणि जेवणाच्या टेबलाच्या टोकाला न्यायाधीश होऊन बसली. ताई विरुद्ध बाजूची वकील, मी कारकून. दाजी सूट घालून आले, पण म्हणाले, "अहवाल नाही वाचता येणार. गोपनीय आहे." अशा वेळीसुद्धा! ताई म्हणाली, "मग सोऱ्याचा वाचा. सोऱ्या काही गोपनीय नाही." दाजींचा चेहरा असा उजळला! टेबलावर सोऱ्या ठेवला, घसा खाकरला आणि अकरा पानं काढली.

तेवढ्यात न्यायाधीशांनी चमच्याने पेला वाजवला. आमची इरा मराठी सगळं समजते, उत्तर मात्र इंग्रजीत नाहीतर डचमध्ये देते. त्या दिवशी ती थांबून, शब्द जुळवून म्हणाली, "तज्ज्ञांनी आधी त्यांचं पूर्ण नाव सांगायचं."

दाजी सरळ उभे राहिले आणि त्यांनी नाव सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. इराने ते तिच्या वहीत लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. मग ताईने ते नाव घेतलं, सबंध, लग्नात घेतलं असेल त्यानंतर पहिल्यांदाच, आणि म्हणाली, "विरुद्ध बाजूची हरकत नाही." आणि पटकन पाणी आणायला आत गेली. समोरच्या आजी त्यांच्या खिडकीतून आमच्याकडे पाहत होत्या. दाजींनी त्यांना मान लवून नमस्कार केला आणि दावा क्रमांक एक वाचायला घेतला.

आता पाहतो तर एवढं सगळं लिहून झालं आणि मीही कुठे त्यांचं नाव घातलेलं नाही. परवा फोन करून विचारलं, "दाजी, घालू का?" त्यांनी आधी कितव्या परिच्छेदात ते विचारून घेतलं. मग म्हणाले, "राहू दे रे. इराच्या वहीत आहे ना."