पाठमोरी रास

माझं माहेर हिवरखेडकडचं आणि सासर नांदगाव खंडेश्वरच्या बाजूचं. तीन दिवस बैलगाडीत बसून मी सासरी आले, तेव्हा सोळा वर्षांची होते. आमची घरं माळ्यांची. विहिरीवर वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवायची आणि बाजाराला न्यायचं. बाकी काळ्या रानात ज्वारी, तूर आणि थोडी कपाशी.

माहेरी नव्हता असा एक सण सासरी होता, कण्याईचा. गावाबाहेर मोठ्या निंबाखाली शेंदूर फासलेला एक दगड, ती कण्याई. माघातल्या पहिल्या सोमवारी गावात कोणाच्याही घरी चूल पेटत नसे. प्रत्येक घरानं आपल्या रानातली ज्वारी आणायची. त्यातली अर्धी भरडून तिथंच मोठ्या हंड्यांत कण्या शिजायच्या, वर तुरीचं वरण आणि वांग्याची भाजी. वांगी आमच्या मळ्यातली असत, त्याचा सासूबाईंना मोठा अभिमान. रस्त्यानं जाणारा कोणीही असो, त्याला हाताला धरून आणायचे आणि पहिलं पान त्याचं. पंगती मात्र तेव्हाही जातीजातीच्या वेगळ्या बसत. महारवाड्याची पंगत पार नाल्याच्या काठाला. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, आता वाटतं.

उरलेल्या अर्ध्या ज्वारीची रास मोकळ्या जागी घालत. जेवणं झाली की सगळा गाव कण्याईकडे तोंड करून बसायचा, राशीकडे पाठ. ज्याच्या घरी दाणा नसेल त्यानं उठावं, राशीतून लागेल तेवढं बांधून न्यावं. कोणी वळून बघायचं नाही, नंतर विचारायचं नाही. राशीला जात नव्हती, एवढं खरं.

मग कापसाचे दिवस आले. सात समुद्रापलीकडं कुठं तरी लढाई जुंपली होती, तिथला कापूस विलायतेला जात नव्हता आणि आमच्याकडच्या बोंडाला सोन्याचा भाव आला होता. अकोल्यापर्यंत आगगाडी येणार, असं लोक बोलत. सासऱ्यांनी एका मृगाला सगळं काळं रान कपाशीखाली घातलं. सासूबाई म्हणाल्या, "ज्वारीले दोन ओळी तरी ठेवा." सासरे हसले. "पैसा हाती असला तं दाना बजारात भेटते."

पैसा आला. सासऱ्यांनी माझ्या पायात चांदीचे तोडे घातले, हातात गोट. माझी चाल बदलली. पाणी आणायला निघाले की मला माझाच आवाज ऐकत राहावंसं वाटे.

पण बाजारात दाणा भेटेना. सगळ्यांनीच कपाशी पेरलेली, आणि परगावचं धान्य आणायला गाडी मिळेना. जी ती गाडी कापूस घेऊन अमरावतीला. माझा नवराही महिनाभर त्याच वाटेवर होता. सासरे तीन बाजार रिकाम्या पोत्यानं परत आले. घरात वांगी होती, मिरची होती, भाकरी नव्हती. आम्ही मागच्या सालच्या तुरीच्या घुगऱ्या खाऊन राहिलो.

अशात कण्याईचा सोमवार आला. मडक्याच्या तळाशी शेरभर जुनी ज्वारी होती. ती सासूबाईंनी देवीकडे दिली. त्या वर्षीची रास गुडघ्याएवढीसुद्धा नव्हती. काही जणांनी ज्वारीऐवजी रुपये पुढं केले, तर गुरवानं हात जोडले. "बापू, हे शिजत नाही."

कण्या पोटभर नव्हत्याच, पण महिन्यानं खाल्लेला तो पहिला ज्वारीचा घास. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जेवणं झाली, सगळे वळून बसले. सासूबाई हळूच म्हणाल्या, "ऊठ. जाय."

"मी?"

"मंग कोन? उद्या चुलीवर काय ठेवतं?"

"माय, हे अंगावर चांदी घालून?"

"चांदी चावून पाह्य बरं."

मी उठले. पहिलंच पाऊल टाकलं आणि तोडे वाजले. एवढ्या शांततेत तो आवाज असा झाला, की जमीन दुभंगली तर बरं असं वाटलं. बसून काढू लागले, तर निघेनात. तशीच गेले. शेकडो पाठींमधली एकही वळली नाही, पण काही माना ताठ झालेल्या मला दिसल्या.

राशीपाशी आधीच एक बाई बसलेली होती. पदर नाकापर्यंत ओढलेला, नाकात नथ, हातभर पाटल्या. पाटलीणबाई! गावची सर्वांत मोठी जमीन त्यांची. आम्ही एकमेकींकडे बघितलं. दोघींचे हात थांबले. मग त्या कुजबुजल्या, "फडकं धर वं. मी भरते."

त्यांनी माझं फडकं भरलं, मी त्यांची पाटी भरली. एवढ्यात मागून एक वेचणारी बाई आली. कापूस वेचायला परगावाहून आलेली, कडेवर लेकरू, हातात गाडगं. राशीत मूठ-दोन मुठी उरल्या होत्या. ती राशीकडे न बघता आमच्याकडे बघत राहिली.

"तुमी दोघी लग्नाले आल्या का इथं?" ती म्हणाली.

पाटलीणबाईंना हसू फुटलं. मग मला. आम्ही पदर तोंडात कोंबला, पण ते हसू सगळ्या गावानं ऐकलं. पुढं बसलेले एक म्हातारेबुवा मोठ्यानं खोकले. लगेच दुसरे म्हणाले, "औंदा थंडी लय पडून राहिली." आणि मग अख्खा गाव एकदम थंडीबद्दल बोलू लागला, राशीकडे पाठ करूनच.

पाटलीणबाईंनी अर्धी पाटी त्या बाईच्या गाडग्यात रिकामी केली. मीही अर्धं फडकं ओतलं. गाडगं भरून वाहिलं, तेव्हा उरलेलं तिनं लुगड्याच्या ओच्यात घेतलं आणि लेकराला म्हणाली, "पाह्य, आज भाकर."

घरी सासूबाईंनी फडकं हातानं तोललं. "एवढीच?"

मी झालं ते सांगितलं. त्या जातं मांडून बसल्या आणि मला समोर बसायला खुणावलं. आम्ही दोघींनी मिळून दळलं.

पुढच्या मृगाला सासऱ्यांनी न सांगता मोठ्या रानात ज्वारी पेरली. पाटलांनीही पेरली. दोघांपैकी कोणी त्याचं कारण बोललं नाही. काही वर्षांनी ती दूरची लढाई संपली, कापसाचा भाव कोसळला, तेव्हा आमच्या गावात दागिने गेले, पण पेवात दाणा होता.

त्या पहिल्या पेरणीची ज्वारी आली त्या माघात कण्याईला मोठा हंडा चढला. वाढणं संपल्यावर पाटलीणबाई माझ्या शेजारी येऊन टेकल्या. हंड्याच्या तळाला लागलेली कण्यांची करपट खरवड त्यांनी उलथन्यानं काढली, अर्धी माझ्या पानावर ठेवली. वर मिरचीचा ठेचा आणि कच्चं तेल. नंतर खूप गोडधोड खाल्लं, लेकरांची लग्नं झाली, बुंदी पडली, पुरण पडलं. पण निंबाखाली, उन्हात बसून, बोटं भाजत खाल्लेली ती खरवड अजून जिभेवर आहे. पाटलीणबाई बोटं चाटत म्हणाल्या, "आनखी हाय का गं तळाले?" आणि आम्ही दोघी हंड्यात वाकून बघू लागलो.