पाच परवान्यांची जाहीर नोटीस

लिहून देणार : प्रस्तुत लेखक, वय छप्पन्न, शिक्षण नववीपर्यंत शाळेत व त्यापुढे सोलापूरच्या कचेरीच्या आवारात, धंदा अर्जलेखन. संबंधित व्यक्ती : टॉवेल कारखान्याचे एक मालक, आणि टॉवेल-चादरींची नक्षी संगणकावर काढणाऱ्या एक बाई. साक्षीदार : शेजारच्या टेबलावरील टंकलेखक, ज्यांची साक्ष माझ्याविरुद्ध जाते. काळ : दिवाळीनंतरचे काही आठवडे. नावे मुद्दाम दिलेली नाहीत. काय छापू नये, हे मी याच प्रकरणात शिकलो.

मालकांनी नक्षीच्या सॉफ्टवेअरचे दहा परवाने घेतले होते. पुढे निम्मे माग बंद पडले आणि पाच परवाने वापराविना पाकिटातच राहिले. प्रत्येक पाकिटात एक कार्ड व कार्डावर अक्षरे-आकड्यांचा एक लांबलचक क्रमांक. तो संगणकात घातला की सॉफ्टवेअर सुरू होते. मात्र एकाच संगणकावर, एकदाच. हे परवाने बाईंनी विकत घ्यायचे ठरवले होते. सॉफ्टवेअर कंपनीचे हरकत नसल्याचे पत्रही आले होते. त्या भरवशावर बाईंनी नोकरी सोडली, घराच्या पुढच्या खोलीत पाच संगणक मांडले, गल्लीतल्या चार जणींना कामावर बोलावले आणि एका कारखान्याला संक्रांतीपूर्वी नवी नक्षी देण्याचा शब्द दिला.

विक्रीचा कागद करण्यासाठी दोघे माझ्याकडे आले.

"दोन ओळी लिहा की. जागा न्हाय, जुमला न्हाय," मालक म्हणाले.

मी त्यांना समजावले की मिळकत कसलीही असो, तिचे पूर्ण वर्णन कागदात आलेच पाहिजे, आणि खरेदीपूर्वी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिलेली बरी.

"पेपरात अन् कशाला, काका?" बाई हसल्या. "लई मोठं झालं की."

"उद्या मालकांच्या पुतण्याने हक्क सांगितला तर?"

"त्याला कॉम्प्युटर चालू करता येत न्हाई ओ."

मालकही हसले; पण माझ्या तीस वर्षांच्या अनुभवापुढे दोघांनी मान तुकवली. मी कार्डे समोर ठेवून मजकूर तयार केला. 'तमाम लोकांस कळविण्यात येते की' येथपासून 'पंधरा दिवसांत हरकत न आल्यास' येथपर्यंत त्यात काही उणे नव्हते. जमिनीचा गट नंबर लिहावा तसे पाचही क्रमांक मी स्वच्छ अक्षरांत, एकाखाली एक लिहिले. छापून आलेली नोटीस मी टेबलाच्या काचेखाली ठेवली.

मुदत संपली, सह्या झाल्या, कार्डे बाईंच्या हाती गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. पाचही क्रमांक आधीच कुणीतरी वापरले होते. त्यांची नजर काचेखालच्या कात्रणावर गेली.

"काका, हे नंबर तुमी छापलात?"

"वर्णन पूर्ण असावे लागते."

"वर्णन कुटलं? घराची किल्लीच भिंतीला टांगलात की तुमी!"

शेजारचे टंकलेखक यंत्रावरून नजर न काढता म्हणाले, "काय ओ साहेब, हरकत कुणीच घेतली न्हाय. माल तेवढा घेतला."

शेत, घर, बैल, रिक्षा, पिठाची गिरणी, सर्वांची वर्णने मी लिहिली आहेत. वर्णन वाचून कुणी शेत उचलून नेलेले नाही. जिचे वर्णन म्हणजेच ती वस्तू, अशी मिळकत माझ्या टेबलावर त्यापूर्वी आली नव्हती. हे कारण आहे, सबब नाही.

संध्याकाळी मी बाईंच्या घरी गेलो. पाचही संगणक बंद होते. त्यांच्या आईने तेलुगूत काही विचारले. बाईंनी एका शब्दात उत्तर दिले आणि पुन्हा मान खाली घातली. चौकटींच्या कागदावर, पूर्वी त्यांचे वडील काढत तशी, एकेक घर पेन्सिलीने भरत त्या नक्षी काढत होत्या. सकाळपासून एका टॉवेलाचा एक कोपरा झाला होता. त्या चार जणींना त्यांनी आठवडाभर थांबायला सांगितले होते.

मी तेथेच बसून कंपनीच्या नावे अर्ज लिहिला. खाली माझे नाव पाहून बाई म्हणाल्या, "तुमचं कशाला, काका? मालकांची सही पुरे की."

"मालकांनी काही छापलेले नाही. छापले मी."

बाईंनी अर्ज इंग्रजीत करून संगणकावरून पाठवला. मूळ प्रत मी रजिस्टर पोस्टाने धाडली. त्यास आज सतरा दिवस झाले. अर्जाचा शेवट असा आहे :

तरी छापून आलेले पाचही क्रमांक आपण रद्द करावेत आणि त्यांऐवजी नवे क्रमांक सदर बाईंना, केवळ त्यांनाच, द्यावेत. खरेदी रीतसर आहे. चूक सर्वस्वी लिहिणाऱ्याची आहे, व तिच्याबद्दल जो जाब विचारायचा तो मला विचारावा. आपले उत्तर नकाराचे असले तरी ते लेखी व लवकर द्यावे, कारण चार जणी कामासाठी थांबल्या आहेत आणि त्यांना दुसरीकडे जा म्हणावे की नाही, हे बाईंना ठरवायचे आहे.