धूरमास्तरांची स्कूटर

पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या खोलीत धूरमास्तरांनी एकवीस वर्षे गाड्यांचा धूर तपासला. काम तसे यंत्राचे. नळी गाडीच्या मागे लावायची, पडद्यावरचा आकडा बघायचा, दाखला छापायचा. पण मास्तर आधी मागे उभे राहून खोल हुंगत आणि निकाल सांगून मोकळे होत. "नापास. फिल्टर बदला नि या." यंत्रही मग तेच म्हणे. रिक्षावाले तर चहाची पैज लावत.

यंदा सरकारने नियम आवळला. पंधरा वर्षांवरची गाडी नव्या मर्यादेत बसली नाही, तर सरळ मोडीत. मास्तरांची स्कूटर एकोणीस वर्षांची. रोज सकाळी तिच्यावरून बायकोला रुग्णालयात कामावर सोडायचे, मग केंद्र उघडायचे. स्कूटरवर त्यांचा भारी जीव.

तपासणीच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी बायको म्हणाली, "आज आधी हिची तपासणी करा."

"हिला काय धाड भरलीय? रोज हुंगतो मी!"

"म्हणूनच म्हणते. मीही येते."

केंद्रावर दोन रिक्षावाले हजरच होते. "मास्तर, आधी नाक!"

मास्तरांनी वाकून हुंगले, मिशीवरून बोट फिरवले. "पास. डोळे झाकून पास."

यंत्राने मर्यादेच्या तिप्पट आकडा दाखवला. मास्तरांनी नळी झटकून पुन्हा लावली. आकडा तसूभरही हलला नाही.

"याच्या निम्म्या धुराला माझी रिक्षा परत पाठवली होती तुम्ही," पहिला रिक्षावाला खोकत म्हणाला.

"मी एकोणीस वर्षं मागच्या सीटवर नाकाला रुमाल लावून बसते," बायको म्हणाली. "तुम्हाला वाटायचं, वाऱ्यासाठी."

"मग बोलली का नाहीस?"

"नाकाचे मास्तर तुम्ही. मी काय सांगणार?"

रोजच्या सवयीने घरचा धूर नाकाला कळेनासा झाला होता. दुसरा रिक्षावाला हळूच म्हणाला, "नळी जरा बाहेर धरा की. बघतंय कोण?"

मास्तरांचा हात नळीवर गेलाही. पण हीच युक्ती करणाऱ्या कितीजणांना त्यांनी या दारातून हाकलले होते! त्यांनी हात मागे घेतला आणि स्वतःच्या नावापुढे 'नापास' छापले. स्कूटरच्या सीटवर एकदा थाप मारली, किल्ली काढून खिशात टाकली.

रुग्णालयाकडे जाणारी नवी विजेवरची बस थांब्यावर आली. बायको चढली, तरी मास्तर मागच्या बाजूला जाऊन हुंगत उभे.

"काय निकाल?" तिने दारातून विचारले.

"यंत्र आणल्याशिवाय सांगणार नाही," मास्तर म्हणाले.