सरकारचे जावई

"सरकारचे जावई, उभे राहा."

अर्थशास्त्राचे सर भर वर्गात असं म्हणाले. शिष्यवृत्तीची सूचना आली की ते असंच म्हणत. आम्ही तिघं उभे राहिलो. त्यात मुलगी मी एकटी. मागच्या बाकांवर हसू फुटलं. बाहत्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. केनवडला माझी माय त्या वेळी दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचत असेल. आणि मी इथं वाशिमला जावई. कान तापले. तरी उभी राहिले.

आम्ही बौद्ध. घरातून कॉलेजात आलेली मी पहिली.

सर म्हणाले, दुसऱ्या राज्यांत असले लाड चालत नाहीत. मग मलाच विषय दिला. कोणत्या राज्यात कॉलेजचा खर्च किती, सरकारी मदत किती, ते वर्गापुढं वाचायचं. "फुकटाचा हिशेब तुझ्याइतका कोणाला जमणार?"

मी वाचनालयातले सरकारी अहवाल उपसले. मध्यप्रदेश, आंध्र, केरळातल्या कॉलेजांना उत्तरासाठी जोडकार्डं टाकली. काहींनी उत्तरं दिली, काहींनी नाही. आकडे एकाखाली एक मांडत गेले. कुठं फी कमी, तर वसतिगृह महाग. कुठं शिष्यवृत्ती वेळेवर, कुठं वर्ष सरल्यावर. पण एक गोष्ट सगळीकडे सारखी. पोरं फी भरतात तो खर्चाचा लहानसा तुकडा. बाकीचा भार सरकार उचलतं. गरिबाचा उचलतं, श्रीमंताचाही. सर्वांत जास्त डॉक्टरकीच्या पोरांचा.

सरांचा मुलगा नागपूरला सरकारी कॉलेजात डॉक्टरकी शिकत होता. ते अभिमानानं सांगायचे.

वाचायच्या दिवशी मी पुस्तकी बोली बाजूला ठेवली. आकडे वाचले आणि म्हटलं, "सर, सरकारचे जावई तं आपन सारेच हाओत. तुमचं पोरगं बी. मंग उभं फक्त आमालेच काहून करता?"

कोणी हसलं नाही.

"बस खाली," सर म्हणाले.

बसले नाही. उरलेलं पान वाचून काढलं.

शिष्यवृत्तीच्या अर्जावर सही त्यांचीच लागायची. ती झाली नाही. शिष्यवृत्ती अडकली, पैसे थकले, खानावळवाल्यानं ताट बंद केलं. बातमी गावात गेली. बाबा आले. एसटी स्टँडवर मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्या सराचे पाय धर. पोटापुढं मान कायचा, बाई?"

मला त्यांचा राग आला नाही. त्यांना आयुष्यभर हेच शिकवलं होतं.

"नाही धरत, बाबा. पाय धरून भेटते ते भीक. हे माह्या हक्काचं हाये."

अकोल्याची गाडी लागली होती. चढले. समाजकल्याणच्या कचेरीत सरांचं नाव घालून तक्रार लिहून दिली. साहेब नंतर या म्हणाले. मी पायरीवर बसून राहिले. परत गेले, पुन्हा आले, पुन्हा बसले.

शेवटी कचेरीतून कॉलेजला पत्र गेलं, तेव्हा सही झाली. पैसे आले ते परीक्षा तोंडावर आल्यावर. तोवर एक वेळ जेवले. वाकले नाही. इथून पुढंही कोणापुढं वाकणार नाही, आणि माझ्या देखत कोणाला वाकू देणार नाही.